आवाजी मतदानातलं ‘नाही’

बुधवार, संध्याकाळ

आज पुन्हा हे विधानसभेचं कामकाज लावून मोबाईल कानाशी धरून बसले. आमचे आमदार म्हणजे यांचा शाळेतला विद्यार्थी. आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नोंद राहत नाही, म्हणून हे त्या गलक्यात त्याचा आवाज शोधतात! “वर्गात रोज त्याचं ‘हजर’ ऐकलंय मी.” हल्ली यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण सांगणार कोण?

गावातल्या मच्छीमारांची होड्या लावायची जागा नव्या मोठ्या बंदराला देणारं विधेयक मंजूर झालं. हे जेवायला उठेनात. तेवढ्यात त्याचाच फोन.

“सर, ‘नाही’ म्हटलं मी. ओरडून. ऐकलंत ना?”

“ऐकलं रे. शाबास!”

फोन ठेवून हळूच मला विचारतात, “तू ऐकलंस ना गं?”

मला नुसता गलका ऐकू आला होता.

“अगदी स्वच्छ,” म्हटलं आणि पान वाढलं.