सेल्माकडचा अंक

विलो क्रीक, सास्कॅचेवान
९ मार्च १९१३

प्रिय सेल्मा,

कुंपणाच्या खांबाला अडकवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. वाचली आणि लगेच चुलीत टाकली. का, ते पुढे लिहिते.

आम्ही बरे आहोत. वारा अजून दार बडवतोच आहे, तांबडी गाय आटली. मी शिवणाला का येत नाही आणि जानेवारीचा अंक परत का नाही, असं तू विचारतेस. "मासिक गिळलंस की काय, मेबल?" हे वाचून एरवी हसले असते.

तो अंक परत येणार नाही. आपला क्रम ठरलेला. आधी तू, मग मी, मग ॲग्नेस, आणि शेवटी ज्या भिंतीतून वारा येईल तिच्यावर पानं चिकटवायची. या वेळी तो क्रम माझ्याकडेच मोडला. माझ्या लेकीने, विनीने, त्यातल्या कागदी बाहुल्या कापल्या. थुंकीने पान उलटायची तिची खोड तुला माहीत आहे, तूच तिला रागवायचीस.

अंक देताना तू म्हणालीस, "पोरांचे घसे जरा धरलेत गं, मी काही थांबत नाही. हा घे, तुझा वेळ जाईल." तुझी पोरं बरी झाली. विनीला घटसर्प झाला. ती गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आजारी घरातून काही आलं होतं का? मी नाही म्हटलं. तिच्या बापाला, वॉल्टरलाही सांगितलेलं नाही. मोकळं बोलावं अशी इथे तू एकटीच आहेस, सेल्मा.

आजाऱ्याच्या खोलीतली वस्तू बाहेर देऊ नये, असं त्याच अंकात छापलं होतं, बाहुल्यांच्या पानाच्या पाठीमागे. आपण दोघी आधी झग्यांचे नमुने बघतो.

हे मी कधीच बोलणार नव्हते. पण तुझ्या पोराचा, नील्सचा, घसा पुन्हा धरलाय आणि नवा अंक रविवारी ॲग्नेसला देणार आहेस, असं तू लिहिलंस. देऊ नकोस. जाळून टाक, आणि नील्सला आजच डॉक्टरांकडे ने. ॲग्नेसच्या बाळाने अजून मानही धरलेली नाही.

राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू मायेनेच दिलास, हे कळतं. कळून काही हलकं होत नाही.

उत्तर लिहू नकोस. तुझ्या घरातला कागद मला नको. अंक जाळलास की दोरीवर लाल रजई टाक, इथून दिसते.

ती दिसेपर्यंत दारातच उभी असलेली तुझी शेजारीण,
मेबल