हाडानं धरलेली काच

८ जाने. १९७३, नगर, दवाखाना
डॉ.नी आज स्पष्टच सांगितलं. नेवाशाच्या रस्त्यावर सायकलवरून पडलो तेव्हा मोडलेली नडगी पू होऊन सडली, तेवढा तुकडा काढलाय. पू थांबला, पण मधे पोकळी. ती भरली तर पाय. नाही तर गुडघ्याखालून...
बायको शेवंता बाहेर जाऊन डोळे पुसून आली. म्हणाली, "डोळ्यात कचरा गेला."

११ जाने.
मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो हे कळल्यापासून डॉ. खाटेशी बसून बोलतात. परदेशी मासिकात वाचलेलं सांगत होते. एक खास काच उंदराच्या हाडात बसवली. पुढे काढायला गेले तर निघेना. हाडानं धरलेली! अंगातल्या पाण्यात ती वरून जराशी विरघळते, चुन्यासारखा थर येतो, त्याला हाड चिकटतं.
"मग मला बसवा की."
"मास्तर, ती अजून उंदरांपुरतीच आहे."
विरघळणारी काच. आणि मी वर्गात परीक्षानळी दाखवून सांगायचो, हिला काही होत नाही.

१२ जाने.
शेवंताला सांगितलं.
"काच? आवो, बांगडीची कच बोटात गेली तर बोट पिकतंय."
"ही निराळी."
"मंग आना की."
"मिळत नाही."
"मंग मला कशाला सांगता?"
खरंय. पण सांगितल्याशिवाय राहवेना.

१९ जाने.
उद्या ऑपरेशन. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून पोकळीत भरणार. रुजेलच असं नाही, म्हणाले. सही केली.

२३ जाने.
पायापेक्षा कमर जास्त दुखते! लिहवत नाही.

१४ एप्रिल
एक्सरे. डॉ.नी खिडकीशी धरला. पोकळीत धुरकट पांढरं, विरळ ढगासारखं.
"हे हाड?"
"होतंय."
मी काय केलं? भाकरी खाल्ली, कुरकुर केली, झोपलो. आणि आत हे चाललेलं, मला न विचारता. शेवंतानं एक्सरेच्या फोटोला हात जोडले. डॉ. नसते तर मीही...

२ जून
प्लास्टर काढलं. पाय वाळक्या काटकीसारखा. डॉ. म्हणाले, "थोडाच भार टाका. तडा गेला तर पुन्हा पहिल्यापासून."
शेवंताच्या खांद्यावर हात ठेवून पाय टेकवला. फरशी गार. आत कुठंतरी ठणका. नवं हाड की नुसती भीती, कळेना.
"दुखतंय का?"
"थांब," म्हटलं. "अजून थोडा टाकून बघतो."