पाण्याची सूचना

३ जुलै
कान बधिर. दिवसभर लाकूड घासायचं मशीन. खोलीवर आलो, मोबाइलवर आपल्या गावचं लावलं — रेडिओ धुपीडांडा. दरड पडली, खालची बस बंद. पूर्णबहादूरची काळी शेळी हरवली, एक शिंग मोडकं. दर महिन्याला हरवते ही!

खिमलाल शेजारच्या कॉटवरून म्हणाला, "मलेशियात येऊन शेळ्या हुडकतोस व्हय रे?"

हुडकतो. काठमांडूच्या रेडिओवर आमच्या गावाचं नाव यायला अर्धा डोंगर कोसळावा लागतो.

५ जुलै
बा महिनाभर खोकतोय. दिदीला विचारलं, येऊ का. म्हणाली, "येऊन काय करणार? डॉक्टर आहेस का तू? करार पुरा कर." बाला फोन दे म्हटलं. आत्ताच डोळा लागलाय म्हणे.

आई गेल्यापासून घरात दोघंच. वरच्या वस्तीला पाणी सोडायचं काम बाचं. टाकीची किल्ली झोपतानाही कमरेला. दुसऱ्या कुणाला चावीला हात लावू देत नाही. पाणी समितीचा माणूस आला तरी नाही.

६ जुलै
झोपलाय.

९ जुलै
परत झोपलेला. दिवसाउजेडी एवढी झोप?

खिमलालला सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. त्याची आई गेली ते घरच्यांनी सात महिने कळू दिलं नव्हतं. आमच्याकडं परदेशातल्या पोराला असलं सांगतच नाहीत — काम टाकून येईल म्हणून. कळलं त्या दिवसापासून त्यानं सुतक धरलं, तेरा दिवस बिनमिठाचं जेवला. कँटीनवाला त्याला येडा म्हणायचा.

मी म्हटलं, मला फसवता येणार नाही. गावात कुणी गेलं की रेडिओवर झुमा वाचते — नाव, वय, वस्ती. घरचे लपवतील, झुमा कशाला लपवेल?

१० जुलै
श्रद्धांजली ऐकली. दोन म्हाताऱ्या, एक मास्तर. बा नाही. पोटभर जेवलो.

मास्तरानं मला चौथीत लई मारलं होतं. तरी वाईट वाटलं.

१२ जुलै
आजही बाचं नाव नाही. हेडफोन काढणार तेवढ्यात पाणी समितीची सूचना आली. झुमानं शेळीची वाचते त्याच आवाजात वाचली —

"वरच्या वस्तीला पाणी सोडणाऱ्यांच्या घरी सुतक आहे. त्या घरचा हात पाण्याला लागणार नाही. तेरावा होईपर्यंत टाकीची किल्ली समितीच्या डंबरकुमारीकडे राहील."

मग गाणं लावलं.

घरात दोघंच. दिदी तर सकाळी माझ्याशी बोलली.

नाव वाचू नको म्हणून दिदीनं झुमाचे पाय धरले असतील. पाण्याच्या सूचनेचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाणी तर सगळ्या वस्तीला लागतं, ते कसं लपवणार?

अग्नी कुणी दिला असेल? काकाच्या पोरानं? मी इथं टेबलांचे पाय घासत होतो.

१३ जुलै
नुसता भात. मीठ नाही. खिमलालनं बघितलं, मिठाची बाटली उचलून लांब ठेवली.

दिदीचा फोन आला. घसा बसलेला. म्हणाली, बा आत्ताच झोपला.

म्हटलं, "झोपू दे. उठवू नको."