कवठ्याचं दल आणि राहूचा गूळ

कवठे येमाई
१२ सप्टेंबर २००३

चि. पोपट यास थोरल्या आक्काचे आशीर्वाद. इकडे खुशाली आहे. तू राहूत काय दिवे लावतोस ते तुझ्या सरूबाईने कळवावे, तू कळवणार नाहीस.

गावात यादवी माजली आहे. निम्म्या घरांत नवरा दगडोबाच्या हातभट्टीचा आणि बायको माझी. पोलीस येतात, चहा पितात, जातात. म्हणून एकवीस बायकांचं दल मीच उभं केलं. मी शिकले त्या कॉन्व्हेंटात सिस्टर दोन मिनिटांत दीडशे मुली रांगेत उभ्या करत. इथे एकवीस जणींना पाऊण तास लागतो, कारण कुणाचा कुणाशी अबोला आहे ते आधी बघावं लागतं.

दगडोबा गनिमी काव्याने लढतो. भट्टी आज ओढ्यात, उद्या उसात. वर आमच्यातलीच कोणी माहेरच्या मायेने त्याला निरोप पोचवते. म्हणून येमाईच्या देवळात प्रत्येकीला भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली: गुन्हेगार पोटचा असो की पाठचा, रविवारी त्याचं नाव सगळ्यांपुढे वाचायचं. पहिल्याच रविवारी गिताबाईने सख्ख्या भावाचं, दगडोबाची दारू पोचवणाऱ्या म्हस्कूचं नाव दिलं. मग पोलिसांनाही हलावं लागलं, तो आठ दिवस कोठडीत होता. सुटल्यावर चावडीपुढे उभा राहून सगळं कबूल केलं त्याने. याला म्हणतात शिस्त.

सरूबाईस आशीर्वाद. लोभ आहे तितका पुरे, पत्र मात्र वेळेवर पाठव.
आक्का

राहू
२० सप्टेंबर २००३

ती. आक्कास धाकट्या पोपटचा दंडवत.

तुझं पत्र सरूनं दोनदा वाचलं आन् तिसऱ्यांदा मला वाचून दाखवलं. तू फौज काढलीस म्हंजी दगडोबाची धडगत न्हाई. पाढे चुकले म्हणून तू मला उन्हात उभं केलं हुतंस, त्यो चटका आजून हाय.

पण आक्का, भट्टी फोडली की झालं. माल कुठनं येतो ह्याच्या लई खोलात जाऊ नये, असं आपलं माझं मत. तुझे गुडघे दुखत्यात. इकडं आपलं गुऱ्हाळ बरं चाललंय. दिवाळीमागनं सोसायटीची निवडणूक, चेअरमनकीला मी उभा हाय.

माया असू दे, राग आवर.
तुझा पोपट

कवठे येमाई
६ ऑक्टोबर २००३

चि. पोपट, आशीर्वाद.

भट्टी सापडली, आमच्याच साखरबाईच्या उसात. दलातल्या धुरपदाने पिंप फोडलं, गूळ आंबवलेलं रसायन तिच्या नव्या लुगड्यावर उडालं. आता दगडोबाने लुगडं भरून द्यावं म्हणून ती हटून बसली आहे.

बाजूला काळ्या गुळाची अकरा पोती निघाली. पावसाळ्यात पाझरलेला, गुरंही हुंगणार नाहीत असला गूळ. पोत्यांवर तुझ्या गुऱ्हाळाचा शिक्का. तुझं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. माझ्या गुडघ्यांची काळजी तुला का वाटली ते कळलं. चोरीला गेला असेल तर तसं लिही. रविवार जवळ आला आहे.

आक्का

राहू
९ ऑक्टोबर २००३

ती. आक्कास दंडवत, पाय धरून.

चोरी झाली न्हाई. मीच इकला. घेणारा म्हणला जनावरांसाठी पायजे. कोणची जनावरं ते मी इचारलं न्हाई, इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

निवडणूक तेवढी होऊ दे, मग खुशाल नाव वाच. विरोधी पॅनेलवाले टपूनच बसल्यात. आईच्या मागं तूच आमची आई, एवढं एक कर.

पोपट

कवठे येमाई
१३ ऑक्टोबर २००३

चि. पोपट,

काल तुझं नाव वाचलं गेलं. बायका म्हणत होत्या, राहू द्या आक्का, भाऊ हाय तुमचा. साखरबाईने तर परगावची माणसं नियमात बसत नाहीत असा शोध लावला. एकटी गिताबाई बांगड्या फिरवत बसली.

भाऊबीजेला दल घेऊन तुझ्या दारात येते. सरूबाईला म्हणावं, पिठलं-भाकरी पुरे. ओवाळीन की नाही ते सांगता येत नाही.

आक्का

राहू
२८ ऑक्टोबर २००३

ती. आक्कास दंडवत.

तुझं दल आलं, पिठलं संपवून गेलं. टेम्पोत जागा न्हवती म्हणून आक्का न्हाई आल्या, असं धुरपदा म्हणली. मी टेम्पोत डोकावलो. डायवरशेजारी तुझी जागा मोकळी हुती, वर उशी ठेवलेली.

नाव वाचलं गेलं, असं तू लिवलंस. गिताबाईंनी सरूला सगळं सांगितलं. तू कागद घेऊन उभी राहिलीस, चष्मा तीनदा पुसलास आन् शेवटी कागद त्यांच्या हातात दिलास. त्यांनी वाचला. तू घरी जाऊन दार लावलंस.

मला ओवाळलं गिताबाईंनीच. ताटात काय घालू म्हणून इचारलं, तर म्हणल्या, माझा भाऊ चावडीपुढं बोलला, तुम्ही बी बोला. आमच्या चावडीपुढं गेलो. सगळं सांगितलं. विरोधी पॅनेलवाल्यांनी टाळ्या पिटल्या, तवा त्यांच्या बायकांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, टाळ्या थांबल्या. उरलेला गूळ खड्ड्यात पुरला. निवडणुकीत मी पडतोय, हे नक्की.

आक्का, मी बोललो. आता तू ये. भाऊबीज सरली तरी सरूनं ताट आवरलं न्हाई.

कबूल झालेला तुझा भाऊ,
पोपट