राइट टाइम

दौंड, शनिवार, १२ मार्च १९७७

मुंबईच्या मर्चंट बँकेत सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी बायोडाटा पाठवायचाय. आप्पा पडले रेल्वेचे गार्ड! 'गुण' या रकान्यात त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'ऑलवेज राइट टाइम'. मी काय गाडी आहे? हसत खोडलं, 'पंक्चुअल' लिहिलं.

संध्याकाळी आप्पांनी वाचलं. "हे पंक्चर काय लिवलंस?"

अर्थ सांगितला, तर म्हणाले, "मग मी दुसरं काय लिवलं व्हतं? तुझी आई आजारी व्हती तवा, समदं तिचं करून कालिजला पळायचीस. पुण्याची गाडी कवा चुकली का?"

मी 'पंक्चुअल' खोडलं. 'राइट टाइम'च परत लिहिलं. बँकेतल्या साहेबांना कळेल? न कळेना का!

आप्पा ड्यूटीला निघाले. दारात थांबून त्यांनी काखेतली हिरवी झेंडी उलगडली आणि मला दाखवली.