डायनामो ठीक आहे, मामाजी

धानोरा,
१२ डिसेंबर १९८५

आदरणीय मामाजींना जावई खुशाल मेश्राम याचा सविनय जय भीम.

इकडे आशा, मुलं आणि मी ठीक आहोत. तुमचा खोकला कसा आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेता, की घेतली असं साऱ्या सिंदेवाहीला सांगून मोकळे होता? हे विचारायला सासूबाईंनी सांगितलेलं नाही, मी आपल्या मनानं विचारतो आहे. (त्या शेजारीच तांदूळ निवडत बसल्या आहेत आणि मघापासून त्याच मुठीतला तांदूळ निवडत आहेत.)

तुमची मोटारसायकल आणि तुमचा निरोप, दोन्ही मुखरूनं सुखरूप पोचवले. निरोप असा, की 'तुमच्या सासूले याच गाडीवर बसवून आणून सोडा.' मामाजी, नात्यातल्या लग्नात पाहुण्यांसमोर तुम्ही सासूबाईंना जे बोललात, की ही मागं बसली का टायरच बसते, आणि ज्यावरून त्या रुसून इकडे आल्या, त्याची तुमच्या परीनं ही मोठीच भरपाई आहे, हे मी जाणतो. जी गाडी तुम्ही सख्ख्या भावाला पुसूसुद्धा दिली नाही, ती पुतण्याच्या हाती दिलीत. पण सासूबाई अंगणात आल्या, गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि 'गाडी आली, माणूस कुठी हाय?' एवढं विचारून आत गेल्या. आशानं पुष्कळ समजूत घातली तेव्हा कुठे त्यांनी पेटी भरली. आता त्यांना मानानं घरी पोचवणं माझ्याकडे आलं. लेकीच्या घरी आई किती दिवस राहणार, असं लोक विचारू लागले आहेत, आणि आशा आईची पाठ वळली की डोळे पुसते. मला दोन्ही सोसत नाही.

निघालो त्या दिवशी गाडी गावाबाहेर सागाच्या रोपवनापाशीच बंद पडली. हॉर्न दाबला तर तो कण्हला. मी पडलो गुरांच्या दवाखान्यातला माणूस. जनावर आपलं दुखणं सांगत नाही, मोटारसायकलही सांगत नाही, म्हणून मी दवाखान्याच्याच रीतीनं गेलो. आधी खाणंपिणं. बॅटरीची बुचं उघडली तर पाणी कमी, म्हणून शुद्ध पाणी घातलं (दवाखान्यातलं सरकारी नव्हे, विकतचं, साहेबांच्या कानावर गेलं तर तसं सांगावं) आणि एसटीच्या टपावरून बॅटरी गडचिरोलीला पाठवून चार्ज करून आणली. आली तेव्हा दिवा असा लागला की समोरच्या केसरबाईंचा कोंबडा संध्याकाळी आरवला. दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा सारं ढिम्म. म्हणजे बॅटरीत दोष नव्हता, तिला कोणी खायलाच घालत नव्हतं. गाडी पळाली की हेडलाइटवरच्या मीटरचा काटा चार्जिंगकडे झुकायला हवा. आमचा काटा उलट्या बाजूला तोंड करून बसलेला.

तेव्हा लटारू मिस्त्रीला बोलावलं. हा धानाच्या गिरणीची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे मोटारसायकलीकडे जरा वरूनच पाहतो. त्यानं डायनामोच्या वायरी सोडवल्या, त्यांना नुसता बल्ब जोडला आणि गाडी ढकलून चालू केली. बल्ब झकास पेटला. 'डायनामो ठीक हाय जी,' तो म्हणाला, आणि ते मी तुमच्या समाधानासाठी मुद्दाम लिहितो आहे. मग त्यानं कटआउट उघडलं. (हा डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला दरवान. डायनामो जागा असला की दार उघडतो, झोपला की लावतो, नाहीतर बॅटरी उलटी रिकामी होते.) त्याचे काळे पडलेले पॉइंट पॉलिश कागदानं घासले. गाडीच्या सांगाड्याला जोडायची अर्थची वायर उघड्या लोखंडाऐवजी रंगावर बसलेली निघाली, कारण तुम्ही गाडीला हौसेनं रंग दिला की जिथं देऊ नये तिथंही देता. तो रंग खरवडला. काटा सुरेख चार्जिंगकडे झुकला, लटारूनं हात धुतले, सासूबाईंनी त्याला चहा दिला. सकाळी पेटी बांधून निघावं, तर काटा पुन्हा मेलेला.

मग हे होतच राहिलं. दर वेळी उघडून पाहावं तर डायनामोची तीच एक वायर सैल. लटारूनं वॉशर घातला, तरी सैल. 'गाडी थरथरते न जी, म्हणून होते,' असं तो म्हणतो. (उभी गाडी कशानं थरथरते, ते त्यालाही सांगता येत नाही.) केसरबाई म्हणतात नजर लागली. माझं विचाराल तर जुनी गाडी जुन्या हातालाच ओळखते. तरी आपण स्वतः येऊन एकदा तपासावी, आणि आलाच आहात तर सासूबाईंनाही सोबत घेऊन जावं, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
खुशाल

ता. क. वरचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. 'बराबर लिवलं,' म्हणाल्या आणि विहिरीवर गेल्या. आता खरं लिहितो. काल मी दुपारी जेवायला जरा लवकर घरी आलो. अंगणात गाडीजवळ पाट टाकून सासूबाई बसल्या होत्या आणि अडकित्त्याच्या टोकानं त्याच वायरचा स्क्रू सैल करत होत्या. माझी चाहूल लागली तरी हात थांबला नाही. स्क्रू पुरता सैल करून मगच वर पाहिलं.

'पाह्यलंच तं बसा जवाई,' म्हणाल्या. 'आलापल्लीच्या जंगलात हे गाडी खोलत, तवा पाने कोण धरे? मीच धरो. मले समजते कोणती वायर सोडली का काय होते.'

मी विचारलं, मग घरी जायचं नाही का?

'जायचं नाई असं कोण म्हणते? पण मी का धानाचं पोतं आहो, गाडी पाठवली अन् लादून न्या म्हणाले? रुसल्या बाईले न्याले नवऱ्यानं याव लागते. बोलले पाहुण्यायसमोर, अन् बोलवाले पाठवते मुखरूले.'

आणि मग त्या रडल्या, मामाजी. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी दवाखान्यात परत गेलो आणि संध्याकाळपर्यंत कोणत्याच बैलाकडे माझं लक्ष लागलं नाही. तेव्हा पाने-पकड काही आणू नका. नुसते या.

आणखी एक. पत्र पेटीत टाकायला निघालो, तर सासूबाईंनी दारातच अडवलं. 'पत्राले लय दिवस लागतात. तार करा,' म्हणाल्या. तारेत काय लिहू, विचारलं. चौकट धरून, स्वतःचं नाव घेऊन म्हणाल्या, 'गिरजा वाट पाहून राह्यली, असं लिवा.' पोस्टमास्तरांनी विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

म्हणजे तार तुम्हाला या पत्राच्या आधी मिळालेली असणार. हे पत्र तुमच्या कुलूपबंद दाराच्या फटीतून आत पडून तिथंच धूळ खात राहिलं, तर बॅटरीपासून अर्थपर्यंतचं माझं सारं पुराण वाया गेल्याचं मला जरासुद्धा दुःख होणार नाही. पण हे जर तुम्ही घरात खुर्चीवर बसून वाचत असाल, तर मामाजी, मला तुम्हाला पुढे काही लिहायचं नाही.