कोपऱ्यावरची जोडी आणि माझा अर्धा कोयता

चि. सत्यम यास केज तालुक्याहून बद्रीनाथ मामाचा आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? डेन्व्हरला थंडी पडायला लागली असेल. कानाला काहीतरी बांधत जा, तुझे कान लहानपणापासून नाजूक. तुझी आई पाटोद्याला बरी आहे, गुडघे सोडून. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात खुशाली नावाची वस्तू आमच्या घरात औषधालाही उरलेली नाही, आणि याला जबाबदार तू आहेस. भाच्याला शिवी देणं आपल्यात पाप मानतात. तरी मी वर दोन-तीन लिहिल्या होत्या, मग खोडल्या. काळे डाग दिसतील ते त्यांचेच. (हे पत्र शहादेव हॉटेलवाल्याच्या फोनवरून फोटो काढून पाठवणार आहे. कोपऱ्यात अंगठा दिसला तर तो त्याचा समज. सरळ फोन केला असता, पण शहादेवच्या हॉटेलात फोनवर बोलणं म्हणजे गावात दवंडी देणं. आणि माझा फोन माझ्याकडं का नाही, ते पुढं येईलच.)

तू मे महिन्यात आपल्या वैष्णवीच्या लग्नाला आलास. लग्नाला आलेल्या माणसानं पंगतीत वाढावं, जेवावं, झोपावं. तू काय केलंस? मांडवात माझ्या शेजारी बसून मला फोनवर अमेरिकेचा फुटबॉल दाखवलास. ज्या खेळात पायाचा बॉलशी फारसा संबंध नाही त्याला फुटबॉल का म्हणतात, हे मी विचारलं तेव्हा तू हसलास. दांडगी दांडगी माणसं हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतात, मग उठतात, घोळका करतात आणि परत पडतात, एवढंच मला दिसत होतं. माझा डोळा लागत आला होता. तेवढ्यात तू म्हणालास, मामा, त्या दोन टोकाच्या दोघांकडं बघा. ते कॉर्नरबॅक. समोरचा बॉल लांब फेकतो, त्यांचे गडी तो झेलायला पळतात, आणि या दोघांनी त्यांच्याबरोबर उलटं पळून तो झेलू द्यायचा नाही. दोन बांधांवर दोन राखणदार. तिथं माझी झोप उडाली. कारण आजवरचा जन्म मी दुसरं केलंय काय? ऊसतोडीचा मुकादम आहे मी, मजुरांची टोळी जमवून कारखान्यावर नेतो. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कुठली जोडी फडात टिकेल आणि कुठली संक्रांतीआधीच भांडून घरी येईल, हे मी ट्रकमध्ये बसतानाच ओळखतो. तुझ्या त्या एवढ्या मोठ्या खेळात जोडीचं काम असलेली हीच एक जागा मला दिसली आणि मी फसलो.

तू गेल्यावर तरी गप्प बसायचंस. पण तू रोज फोनवर सामन्याचा एक तुकडा पाठवायचास. मी तो हॉटेलात दाखवायचो, आणि दसऱ्यापर्यंत अशी पाळी आली की सोयाबीनचा भाव विचारणारं पारावर कोणी राहिलं नाही. सगळे एकच विचारायचे, सगळ्यात भारी जोडी कुठली? मी अर्थातच डेन्व्हरचा, म्हणजे सर्टन आणि मॉसचा. भाचा जिथं राहतो तिथली जोडी सोडून दुसरीची बाजू घेणं शोभत नाही, आणि तसंही सर्टनच्या बरोबरीचा गडी दुसरा नाही. त्याचा बापही याच जागेवर खेळायचा, म्हणजे घराणं आहे. ट्रॅक्टरवाला बजरंग फिलाडेल्फियाचा. मिचेल आणि डीजीन एकाच वर्षी संघात आले आणि त्याच वर्षी संघानं अजिंक्यपद मारलं, याच्यापुढं तो काही ऐकूनच घेत नाही. मी म्हणालो, अरे, तुझा डीजीन निम्म्या वेळेला कोपऱ्यावर उभाच राहत नाही, आतमध्ये उभा राहतो. बांधाच्या राखणदारानं विहिरीपाशी बसून कसं चालेल? त्यावर तो म्हणाला की ढोरं विहिरीकडूनच शिरतात. (याला उत्तर असेल तर कळव.) आश्रुबा म्हाताऱ्याला मात्र जुन्या काळचे ते रेडर्सचे हेन्स आणि हेज पसंत. तू पाठवलेल्या तुकड्यात ते धड दिसतसुद्धा नाहीत, पण आश्रुबाला मोतीबिंदू असल्यामुळं त्याला सगळंच तसं दिसतं, म्हणून त्याची तक्रार नाही.

न्यूयॉर्कच्या जोडीचा विषय निघाला त्या दिवशी तर हॉटेलात सुतकच पडलं. इतकी चांगली जोडी, आणि तू सांगितलंस की एक डेट्रॉइटला गेला आणि दुसऱ्याला इंडियानात पाठवून दिलं. कोयता मोडला? आणि निम्मा इकडं, निम्मा तिकडं? आमच्यात कुठलाही मुकादम असलं पाप करणार नाही. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच ते केलं. बराच वेळ समजावलं की तिकडं ती दोघं नवरा-बायको नसतात, सख्खे भाऊही नसतात, एकेकट्याचाच करार होतो. आश्रुबा म्हणाला, मंग त्येला जोडी कावून म्हणायचं? झालं, परत पहिल्यापासून सुरुवात.

शेवटी प्रात्यक्षिक करायचं ठरलं. (ज्या दिवशी माणसं प्रात्यक्षिक करायचं ठरवतात त्या दिवशी शहाण्यानं परगावी असावं.) बॉल नव्हता, पण हॉटेलमागच्या झाडाला पपया होत्या आणि आकार अगदी तोच. फेकायला शहादेव, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बजरंग. शहादेवनं पहिली पपई बजरंगच्या बाजूला फेकली. दुसरीही तिकडंच. मग तिसरी, चौथी, सगळ्याच. बजरंग उलटा पळत पळत उकिरड्यात बसला, उठला, शिव्या दिल्या, परत उभा राहिला. माझ्याकडं एक पपई येईल तर शपथ. आणि शेवटची पपई, चांगली पिकलेली, बजरंगच्या हातावरून उडून विजयसिंहांच्या पांढऱ्या शर्टावर फुटली. विजयसिंह आमचे होणारे जिल्हा परिषद सदस्य (निदान तेरा वर्षांपासून होणारे). ते नुकतेच गाडीतून उतरून नमस्काराला हात जोडत होते. शर्टाला बिया चिकटल्या तरी त्यांनी हात काही सोडले नाहीत. निवडणूक जवळ असली की माणूस किती सोसतो बघ.

इथं मी गप्प बसलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण माझा सदरा कोरा करकरीत होता आणि त्या कोऱ्या सदऱ्याची हवा माझ्या डोक्यात गेली. मी पाराच्या कट्ट्यावर चढून सगळ्यांना सांगितलं की याला सर्टन म्हणतात. समोरचा त्याच्या बाजूला बॉल टाकायची हिंमतच करत नाही. आमच्या घरीही तसंच आहे, लग्न झाल्यापासून एक भानगड माझ्या बाजूला आलेली नाही.

समोर पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या दारात तुझी सुनिता मामी डबा घेऊन उभी होती. तिनं तिथूनच विचारलं, "मंग त्या समद्या भानगडी गेल्या कुठं?"

गिरणीतल्या बाया हसल्या. तिथं तरी मी हसण्यावारी न्यायला पाहिजे होतं. पण मला तेव्हा सगळा खेळ कळत होता ना! मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं की समोरचा नेहमी कमजोर बाजू बघून टाकतो. मग बाया हसायच्या थांबल्या. मामीनं डबा खाली ठेवला आणि ती घरी गेली. तिनं पिशवी भरली आणि जीपनं बीड, तिथून पाली, माहेरी. माझा फोन तिनं बरोबर नेला, कारण टोळीतल्या बायांचे फोन त्याच नंबरावर येतात आणि उचलते तीच. मला ते आजवर माहीतसुद्धा नव्हतं. मला वाटायचं माझा फोन फारसा वाजतच नाही.

आता पुढचं ऐक. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तेव्हापासून ते वाजायचं थांबलेलं नाही. कुणाच्या पोराला ताप, कुणाची पोरं हंगामात वसतिगृहात ठेवायची, कुणाच्या सासूची गोळी गावात मिळत नाही, दोन जावांना फडावर राहायला शेजारी शेजारी पाचटाच्या कोप्या नकोत. हे सगळं सुनिता बघायची. मला घाबरून माझ्याकडं कुणी येत नव्हतं, एवढंच. मी त्याला मान समजत होतो. मी जमेल तसं केलं आणि एकही झेल मला अडवता आला नाही. छबुबाईनं तिची शेळी हंगामभर कुठं ठेवू असं विचारलं, मी म्हणालो आश्रुबाकडं ठेव. त्या दोन घरांत होळीपासून बोलणं बंद आहे हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. शेळीचं दावं सोडून कुणीतरी तिला रस्त्यावर हाकललं, मग शेळी विजयसिंहांच्या बॅनरला लागली आणि त्यांचा निम्मा चेहरा खाल्ला. मला आता ते नमस्कारसुद्धा करत नाहीत. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, छबुबाईनं टोळीतल्या बायांच्या वतीनं येऊन मला सांगितलं, "सुनिताक्का आल्याबिगर आमी ट्रकात बसत न्हाई. तुमी लई भारी हाव ना, जावा एकटे." कारखान्याचा निरोप येऊन बसलाय, ट्रक दारात उभा आहे, आणि मी मुकादम असून अर्धा कोयता झालोय.

परवा शहादेवच्या फोनवर डेन्व्हरचा सामना बघितला. या वेळी सर्टनकडं बघितलंच नाही, दुसरीकडच्या त्या मॉसकडं बघितलं. सत्यम, त्या माणसाला बसायला म्हणून सवड नाही रे. बॉल त्याच्याकडं, पंचाची शिट्टी त्याच्यावर, शिव्याही त्याच्याच नावानं. अडवलं तर कुणाला आठवत नाही आणि सुटलं तर दहा वेळा परत दाखवतात. तरी तो उठतो आणि जागेवर जाऊन उभा राहतो. मला लाज वाटली. मुकादम होण्याआधी मी आणि सुनितानंही कोयता धरलाय. मी तोडायचो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, मग कोपीवर येऊन चूल पेटवायची. मी तोवर बिडी ओढत बसायचो आणि आमचा कोयता सगळ्यात पुढं असतो असं लोकांना सांगायचो.

असो. तर लौकर निकाल कळव, सगळ्यात भारी जोडी कुठली. डेन्व्हर असंच लिही, पारावर सगळे वाट बघतायत. इति.

तुझा मामा,
बद्रीनाथ

ता. क. बजरंगला फिलाडेल्फियाची टोपी पाठवू नकोस. तो मागेल.

ता. क. दुसरा. निकालाचं राहू दे. त्याची मला काही घाई नाही. खरं काम वेगळं आहे, म्हणून शहादेवला बाहेर पाठवून लिहितोय. तू तिथं जवळ राहतोस, तर कुठूनही चौकशी कर: सामना संपल्यावर तो सर्टन मॉसला काय म्हणतो? रोज सगळा मार दुसऱ्यानं खायचा आणि नाव याचं व्हायचं, तर हा त्याला काहीतरी म्हणतच असेल. नाहीतर जोडी टिकली असती का? जे शब्द असतील ते जसेच्या तसे लिहून पाठव. मराठी मी करीन. ते घेऊन मला पालीला जायचंय. माझ्याजवळ शब्द नाहीत रे, मी आजवर फक्त हुकूम दिलेत.

ता. क. तिसरा. फोटो काढायचे राहिले, कारण तुझ्या उत्तराची वाट बघवेना आणि मी पालीला जाऊन आलो. सुनिता भावाच्या कांद्यात खुरपत होती. मी बांधावरूनच सुरुवात केली, की तो सर्टन मॉसला म्हणतो... (तेव्हा जे सुचलं ते लावून दिलं.) तिनं वर न बघता म्हटलं, "त्यो काय म्हणतो ते ऱ्हाऊ द्या. तुमी काय म्हणता?" मी म्हणालो, कमजोर बाजू माझी होती. तिचा भाऊ, भावजय, रोजानं आलेल्या बाया, सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "हे पारावर बोलाल?" मी हो म्हणालो. काल बोललो. कट्ट्यावर चढलो नाही, खाली उभं राहूनच बोललो. बजरंगनं टाळी वाजवली, त्याला मी नंतर बघून घेईन.

सुनिता घरी आलीय, ट्रक उद्या निघतोय. आता दारात छबुबाई आणि आश्रुबाची सून दोघी एकदम ओरडतायत, कशावरून ते कळत नाही. मी आत बघितलं. सुनिता भाकरी थापतेय, मान वर करत नाही. सर्टनचे शब्द कळाले तर कळवच, कारण एकदा मागितलेली माफी किती दिवस पुरते त्याचा अंदाज मला नाही. परत हाक आली. बद्रीनाथ मुकादम, बाहेर या म्हणतायत, माझं नाव घेऊन.

जातो.